डोळ्याशी राहिलेली हळद

लोकांच्या चेहऱ्यावरचं नको ते काढून टाकायचं, हे माझं काम होतं. अकोल्यातल्या एका फोटो स्टुडिओत सतरा वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून मी तेच केलं. मुरमं, कांजण्यांचे खड्डे, घामाची चमक, रडून सुजलेल्या नवरीच्या पापण्या, नाकावरचा चष्म्याचा वळ. स्टुडिओच्या मालकांना मी पहिल्या दिवसापासून चाचा म्हणत आले. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली होती. "बेटा, फोटो पाहून गिऱ्हाइकाच्या मनाले बरं वाटलं पाहिजे. आरसा तं त्याच्या घरी बी हाय."

चेहरा आठपट मोठा करून पाहायची सवय लागली की माणूस दिसेनासा होतो, कातडी तेवढी दिसते. एकच डोळा अख्खा पडदा भरून टाकतो आणि आपण त्याच्या पापणीच्या कडेवर काम करत असतो. तो डोळा आपल्याकडे बघतोय हे विसरावंच लागतं, नाहीतर काम होत नाही. मी विसरत असे.

ते तीन भाऊ दर्यापूरजवळच्या एका खेड्यातले. धाकट्याचं लग्न ठरलं होतं, म्हणून तिघांचा एकत्र फोटो काढायला आले होते. थोरला चाळिशीला टेकलेला, मधला त्याच्याहून दोनच वर्षांनी लहान आणि धाकटा तिशीच्या आसपास. तिघंही अंगानं दांडगे. हसायला लागले की एकदम तिघं हसायचे, आणि चाचांचा कॅमेरा तयार होईपर्यंत पुन्हा गंभीर व्हायचे.

फोटो मी पडद्यावर उघडला तेव्हा मला ते दिसले. थोरल्याच्या आणि मधल्याच्या दोन्ही डोळ्यांशी, नाकाकडच्या कोपऱ्यात, वरच्या पापणीवर पिवळसर उंचवटे होते. पुरणाचं बोट लागून वाळावं तसे. धाकट्याच्या फक्त डाव्या डोळ्याशी एक होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी तिघांचेही काढून टाकले. सहा-सात मिनिटांचं काम.

फोटो न्यायला थोरला आला. त्यानं तो हातात धरला, जवळ नेला, लांब नेला आणि हसायला लागला.

"आमची हयद काढून टाकली तुमनं!"

हयद म्हणजे हळद. आमच्याकडे जिभेला ळ जड जातो. मला काही समजलं नाही हे पाहून त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"आमच्या घरच्या मानसायले लग्नातली हयद निंगत नाई. अंगाची धुतल्या जाते, डोयापाशी राहून जाते. चार-सहा वर्षानं वर येते. माह्या बापाले होती. त्याच्या बापाले बी होती म्हन्तात."

"दुखते का?"

"हयद कधी दुखते काय?"

मी विचारलं, "मग परत टाकू का?"

"राहू द्या आता. चांगले गोरेगोमटे दिसून राहिलो." जाता जाता दारात थांबून म्हणाला, "धाकट्याले तं लग्नाच्या अगोदरच लागली. याचीच काहून घाई झाली कोन जाने."

चार वर्षांनी त्याची बायको आली. उन्हाळा होता, दुपारची वेळ. तिच्याजवळ तोच तिघांचा फोटो होता, पिशवीत कापडात गुंडाळलेला. तिला त्यातला एकटा नवरा मोठा करून हवा होता, भिंतीवर लावायला. असा फोटो कशासाठी मागतात हे आमच्या धंद्यात विचारावं लागत नाही. तरी मी विचारलं.

"वावरात, धुऱ्यावर, बांधाशी बसले होते," ती म्हणाली. "मी डबा घेऊन गेली. पाठमोरे होते. मले वाटलं, बसल्या बसल्या डोया लागला. मी डबा सोडला, भाकर काढली, कांदा फोडला. तरी उठले नाई."

चव्वेचाळीस वर्षांचा होता तो.

दोन दिवसांनी तयार फोटो मी तिच्यासमोर ठेवला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग फोटो उलटा करून टेबलावर ठेवला.

"हे माह्ये मालक नाईत."

"वहिनी, तुम्ही आणलेल्याच फोटोतून..."

"ह्या मानसाले हयद नाई."

सुदैवानं मूळ फोटो तेव्हा कॉम्प्युटरमध्ये होता. मी तिच्यासमोरच तो उघडला आणि थोरल्याच्या डोळ्याशी ते पिवळे ठिपके परत आणले. काढलेली गोष्ट परत आणायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. पडद्यावर नवऱ्याचा डोळा हातभर मोठा झालेला. तिनं अंगठा पुढे केला आणि काचेवर, त्या कोपऱ्यात, हळूच घासला.

"सकाई झोपेत असले का मी अशी पुसून पाहे. निंगत नव्हती. मले वाटे, माह्याच हातची हाय. लग्नात मीच लावली होती ना."

तिच्या पाठीमागे कूलर चालू होता. मी पडद्यावर दुसरा डोळा मोठा केला.

मधला भाऊ गेला त्यानंतर अडीच वर्षांनी, अकोल्यातच. मार्केट यार्डात सोयाबीनची ट्रॉली घेऊन रांगेत लागला होता. रांग पुढे सरकली, याचा ट्रॅक्टर सरकला नाही. मागच्यानं हॉर्न दिला, शिव्या दिल्या, शेवटी उतरून पुढे आला. हा स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोर बघत बसलेला होता. हे मला धाकट्यानं सांगितलं. तो श्रद्धांजलीचा फलक करून घ्यायला आला होता. बोलताना त्याचा आवाज अगदी सपाट होता. त्याच्या उजव्या डोळ्याशीही आता ठिपका आला होता, हे मी बघितलं आणि मान खाली घातली.

"हयद ठेवजा," तो म्हणाला. "मोठ्या वहिनीनं सांगतलं हाय."

पण मधल्याची हळद माझ्याजवळ नव्हती. दरम्यान स्टुडिओची जुनी हार्ड डिस्क गेली होती. मूळ फोटो गेले आणि तयार केलेले तेवढे वाचले. त्या तयार फोटोत मधल्याच्या पापण्या मीच स्वच्छ करून ठेवल्या होत्या. पिवळे ठिपके होते ते फक्त थोरल्याच्या भिंतीवरच्या फोटोत. म्हणून मी ते तिथून उचलले. दोन माणसांचे चेहरे वेगळे, उजेड वेगळा; उचललेला तुकडा फिरवावा लागतो, लहान-मोठा करावा लागतो, कडा विरघळवाव्या लागतात. अर्ध्या तासाचं काम धरूनच मी बसले होते. डाव्या डोळ्याचा ठिपका नेऊन सोडला आणि तो बसला. वरून किंचित नाकाकडे वळलेला, खाली पसरट. उजवाही बसला. मला काहीच करावं लागलं नाही. जणू ती जागा त्याच्यासाठीच रिकामी ठेवली होती.

मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

चाचा मागे येऊन उभे होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ वाकून पाहिलं आणि आतल्या खोलीत गेले. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं ते पिवळ्या पडलेल्या कागदी पाकिटातून एक निगेटिव्ह घेऊन आले आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"हा या तिघा भावायचा बाप. मी काढेल हाय हा फोटो, जवानीत."

निगेटिव्हमध्ये चेहरा काळा दिसतो आणि डोळ्याचं बुबुळ पांढरं. तो काळा माणूस पांढऱ्या बुबुळांनी माझ्याकडे बघत होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात बारीक बारीक ओरखडे होते.

"हे काय आहे?"

"ब्लेड. तवा कॉम्प्युटर कुठं होता? ब्लेडच्या टोकानं खरवडा लागे. जिथं खरवडलं तिथं फोटोतला डाग मिटे. तिथंच होते त्याचे निशान, बेटा. याच जागी."

"आणि मग?"

"मंग काय? दोन वरसानं त्याच्याच घरचे आले, फोटो मोठा कराले." त्यांनी निगेटिव्ह परत पाकिटात सारलं. "इत्तेफाक हाय, योगायोग," ते म्हणाले. पण ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत.

फलक छापून गेला. त्या दिवसापासून मी लोकांचे डोळे बघायला लागले, फोटोतले आणि रस्त्यावरचेही. भाजीवालीच्या पापणीवर मोहरीएवढे पांढरे दाणे दिसले की मी भाजी न घेताच पुढे निघायचे. शेजारच्या घरातल्या लेकराच्या भुवईच्या टोकाशी जन्मापासून एक गोटी होती. इतकी वर्षं बघत आलेली ती गोटी मला एकाएकी मोठी वाटायला लागली. कोणाला काही सांगायची सोय नव्हती. काय सांगणार? मी ज्यांच्या डोळ्यांवरून बोट फिरवते ते मरतात?

आणि मग एका सकाळी तोंड धुताना माझ्याच डाव्या पापणीत काहीतरी हाताला लागलं.

वाटाण्याएवढी गाठ होती. बोटानं दाबली की कातडीखाली जराशी सरकायची. दुखत नव्हती. दुखली असती तर बरं वाटलं असतं. रांजणवाडी दुखते, लाल होते, चार दिवसांनी फुटून जाते, घरात सगळ्यांना माहीत असतं. ही नुसतीच होती. मी साबणानं घासलं, खसाखसा. अंगाची हळद काढतात तसं बेसनानं घासलं. मग आपण काय करतोय हे लक्षात आलं आणि नळाशीच उभी राहिले.

दोन आठवडे मी कोणाला दाखवली नाही. केस डाव्या बाजूला ओढून घ्यायचे. शेवटी अमरावतीची माझी बहीण व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "तुह्या डोयाले काय झालं? जवय ये. अजून जवय." दुसऱ्या दिवशी तिनं मला गाडीत बसायला लावलं.

अमरावतीतल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात आमचा नंबर येईपर्यंत मी भिंतीवरच्या तक्त्यासमोर बसून होते. तक्त्यावर चेहरे नव्हते, फक्त डोळे होते. भुवईच्या वर आणि गालाच्या खाली कापलेले, चार ओळींत, प्रत्येकाच्या कडेला काही ना काही उगवलेलं. माझ्या पडद्यावर असतात तेवढ्याच मोठ्या आकाराचे. फरक एवढाच, की यातलं काही कोणी पुसलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी माझी पापणी उलटी करून बघितली, दिव्याखाली बघितली आणि मागे टेकून बसल्या.

"घाबरण्यासारखं काही नाही. पापणीच्या आत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. एखादीचं तोंड बंद झालं की तेल आतच साठतं आणि अशी गाठ होते. रोज कोमट पाण्याच्या कापडानं शेका, दिवसातून तीन-चारदा. महिना-दीड महिना लागतो. नाही बसली तर छोटी चीर देऊन काढू."

"ही लागते का? म्हणजे, दुसऱ्याकडून?"

"लागत नाही. कोणाकडून लागेल?"

बहिणीनं माझ्याकडे बघितलं. मी उठून तक्त्यापाशी गेले आणि एकेका डोळ्यावर बोट ठेवून विचारत सुटले. मला थांबता येत नव्हतं. त्या बाईंनी मात्र शांतपणे सगळं सांगितलं. हे पांढरे दाणे म्हणजे कातडीखाली अडकलेली मृत कातडीच, काही करत नाहीत. हे कातडीच्याच रंगाचे बारीक फोड घामाच्या नळ्यांचे, तेही निरुपद्रवी. भुवईच्या टोकाची गोटी जन्मापासूनची असते. आई-बापांनी एकदा दाखवून घ्यावी, एवढंच. मोत्यासारखी चकाकणारी, मध्ये खड्डा पडून खपली धरणारी, जिथल्या पापणीचे केस गळतात अशी गाठ असेल, किंवा एकदा काढलेली गाठ त्याच जागी परत परत येत असेल, तर मात्र वेळ घालवायचा नाही; तुकडा तपासायला पाठवायचा, तो कॅन्सर असू शकतो.

"लोक दुखलं की येतात," त्या म्हणाल्या. "न दुखणाऱ्याला बरंच समजतात."

माझं बोट शेवटच्या ओळीतल्या पहिल्या डोळ्याशी पोचलं. नाकाकडच्या कोपऱ्यात, वरच्या पापणीवर, पिवळा. तो डोळा मी ओळखत होते.

"आणि हे?"

"ही चरबी. रक्तातलं कोलेस्टेरॉल कातडीत साठतं. पुष्कळ जणांना असं दिसतं आणि त्यांचं रक्त अगदी चांगलं असतं. पण तपासून घ्यायला सांगतो आम्ही. तुम्हाला का हवंय?"

मी सांगितलं. थोरला, मधला, बाप. हळदीची गोष्ट सांगितली. चाचांचं निगेटिव्ह तेवढं सांगितलं नाही. त्या बाई आधी लिहीत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाप किती वर्षांचा होता?"

"पन्नाशी आली नव्हती म्हणतात."

"असं घराण्यात चालत येतं. जन्मापासून रक्तात चरबी जास्त, हृदयाच्या नळ्या हळूहळू भरत जातात. माणूस दांडगा दिसतो, काम करतो, काही दुखत नाही. डोळ्याशी तेवढं दिसतं, तेही सगळ्यांना नाही." त्या क्षणभर थांबल्या. "तुम्ही तीन भाऊ म्हणालात. तिसरा कुठे आहे?"

खोलीत सकाळचं ऊन आलं होतं, बाहेर कंपाउंडर कोणाचं तरी नाव पुकारत होता.

अकोल्याला परतले ती घरी न जाता सरळ स्टुडिओत गेले. हार्ड डिस्क गेल्यापासून मी मूळ फोटो पुसत नसे. धाकट्याचे तीन होते: लायसन्सचा, त्याच्या लेकराच्या वाढदिवसाचा, आणि भावाच्या फलकाखाली नाव टाकायचं म्हणून काढलेला. तिन्ही ओळीनं लावले आणि डोळ्यापाशी मोठे केले. पहिल्यात डावीकडे ज्वारीचा दाणा. दुसऱ्यात तो पसरून तुरीच्या दाण्याएवढा, उजवीकडे नुसती पिवळी सावली. तिसऱ्यात दोन्हीकडे तोच आकार तयार होत आलेला. वरून नाकाकडे किंचित वळलेला, खाली पसरट. फक्त खालची कड अजून भरायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दर्यापूरची बस धरली आणि पुढे जीपनं त्यांच्या गावी गेले. धाकटा ओसरीत बसून पंपाचं नोझल साफ करत होता. थोरली वहिनी धान्य पाखडत होती. तिची चौदा वर्षांची मुलगी शाळेच्या कपड्यांत, वेणी घालत उभी होती. मी पाणी प्यायले आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. चरबी, नळ्या, रक्ताची तपासणी. माझा आवाज मलाच विचित्र वाटत होता.

धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं. मग नोझल खाली ठेवलं.

"तुमीच काढली ना आमची हयद? तिघायच्या फोटोतून?"

"हो. पण तो फोटो..."

"मोठा भाऊ गेला. मधला गेला. ज्याची ज्याची काढली तो गेला, मी राहिलो. आता माह्या दारात येऊन तुमी मले सांगून राहिल्या, का तुह्यात बिमारी हाय?" तो ओरडत नव्हता, म्हणून ते जास्त लागत होतं. "गावात लोक काय म्हन्तात, मालूम हाय तुमाले? त्या फोटोवाल्या बाईकडं जाऊ नोका म्हन्तात."

मला हे माहीत नव्हतं. त्यांच्या बापाच्या निगेटिव्हवरचे ते ओरखडे डोळ्यासमोर आले. ते आत्ता सांगितले तर हा माणूस मला हाकलून देईल आणि कधीच तपासायला जाणार नाही, एवढं समजत होतं. म्हणून मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर त्या घटकेला मला त्याचंच पटत होतं.

थोरली वहिनी सूप बाजूला ठेवून उठली.

"भाऊजी, ह्या बाईनं हयद काढली. मी परत टाकून आनली. मधल्या भाऊजीची बी टाकली. मंग काहून नाई आले दोघं वापस?"

त्यानं नोझल पुन्हा हातात घेतलं.

"मी सात वर्षं रोज अंगठ्यानं पुसून पाह्यली. तवा मले कोनं सांगतलं असतं, का ही हयद नोहे, तं मी त्यायले धरून नेलं असतं. ओढत नेलं असतं." तिनं मुलीकडे पाहिलं. "हिच्या डोयाले काई नाई. पन हिच्यात बी असन काय, ताई?"

"असू शकतं," मी म्हणाले. "नसूही शकतं. रक्त काढल्याशिवाय कळत नाही."

"मंग उद्याच जातो. भाऊजी, गाडी तुमी चालवा. तुमाले तपासाचं नसन तं बाहीर उभे राहा."

तो बाहेर उभा राहिला नाही. लॅबमध्ये मुलीचा हात धरून बसला होता, सुई टोचताना ती घाबरली म्हणून. मग तिनंच त्याला म्हटलं, "काका, आता तुमी." त्यानं बाही वर केली.

रिपोर्ट मीच त्यांच्यासोबत जाऊन आणले. मुलीच्या पापण्या अगदी स्वच्छ होत्या, पण रक्त तिच्या बापाचं होतं. धाकट्याचा आकडा पाहून अकोल्यातल्या डॉक्टरांनी त्याला उठूच दिलं नाही. तिथल्या तिथे ईसीजीची पट्टी काढली आणि लगेच नागपूरला जायला सांगितलं. त्याचे पायही त्यांनी बघितले. टाचेच्या वरची शीर दोरखंडासारखी जाड झालेली होती. "चपलेच्या पट्ट्यानं झालं असन," तो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, तीही तीच चरबी. नागपूरला कळलं की तीन नळ्या बंद होत आल्या आहेत, त्यातली एक जवळजवळ पूर्ण. छातीत कधी दुखलं नाही का, असं त्याला पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. त्याला कधीच दुखलं नव्हतं.

त्याचं ऑपरेशन झालं आणि तो वाचला. दोन महिन्यांनी गावी भेटायला गेले तेव्हा तो बारीक झालेला, छातीवर उभी लांब शिवण, खाटेवर बसून लेकराला गोष्ट सांगत होता. डोळ्याचे ठिपके तसेच होते. डॉक्टर म्हणाले होते, हवं तर तेही काढता येतील, दिसायला बरं. हा नको म्हणाला. माझ्यासाठी त्यानं चहा करायला सांगितला, फोटोतल्या हळदीचा विषय मी काढू नये म्हणून असेल. मीही काढला नाही. थोरली वहिनी मुलीला जेवणानंतर गोळी देते आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहते. मुलीला त्याचा राग येतो. एकदा तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, माह्या डोयाले येईन का?"

"नाही येणार बहुतेक. गोळी घेत राहिलीस तर."

"आलं तं बाबासारखं दिसन," ती म्हणाली. ते तिला हवं होतं की नको होतं, मला अजून ठरवता येत नाही.

चाचा आता स्टुडिओत फारसे बसत नाहीत. त्यांना मी सगळं सांगितलं, रक्ताचं, नळ्यांचं. त्यांनी मान डोलावली. मग पत्र्याची पेटी कुठे आहे ते विचारलं आणि म्हणाले, "ती मी गेल्यावर उघडजो. आता नोको."

गेल्या हिवाळ्यात अल्बम पोचवायला परतवाड्याला चालले होते. अमरावतीहून जीप मिळाली. समोरच्या सीटवर एक गृहस्थ बसले होते, पंचेचाळिशीचे, मफलर बांधलेले. मांडीवर बियाण्याची पिशवी. दोन्ही डोळ्यांशी पिवळे उंचवटे होते, चांगले भरलेले. तीन थांबे मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग राहवलं नाही.

"दादा, राग मानू नका. तुमच्या डोळ्याशी ते पिवळं आहे ना, ते एकदा दाखवून घ्या. रक्त तपासून घ्या. घाबरू नका, बहुतेक काही निघत नाही. पण तपासा."

जीपमधलं बोलणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तुमी डॉक्टर हाय काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी फोटोचं काम करते."

कोणीतरी हसलं. तेही हसले, चांगल्या मनानं. मी पिशवीतून कागद काढून त्यावर 'कोलेस्टेरॉल तपासणी' एवढंच लिहिलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तो नीट घडी करून घेतला. परतवाड्याच्या अलीकडे एका फाट्यावर ते उतरले. मी मागच्या काचेतून बघत होते. रस्त्यात दुसरं कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. ते बियाण्याची पिशवी पायाशी ठेवून होते तिथेच उभे राहिले, आणि जीप वळणावर जाईपर्यंत आमच्याकडे बघत होते. हात त्यांचा डोळ्याकडे गेलेला होता. ऊन अडवायला की कशाला, इतक्या लांबून कळलं नाही.